गुड फ्रायडेची तारीख ठरते कशी?

नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरलाच येतो. गुड फ्रायडेचं तसं नाही. २०२४ साली तो २९ मार्चला होता, २०२५ साली १८ एप्रिलला आणि २०२६ साली ३ एप्रिलला. नवं कॅलेंडर हाती आलं की जोडून सुट्ट्या शोधणारे या तारखेवर हमखास बोट ठेवतात. त्या पानावर थोडं रेंगाळलं, तर आणखी एक गोष्ट दिसते. गुड फ्रायडेच्या आसपासच्या चौकोनात पुष्कळदा हनुमान जयंती असते. २०१८ साली गुड फ्रायडे ३० मार्चला आणि हनुमान जयंती ३१ मार्चला होती. २०२२ साली १५ आणि १६ एप्रिल, २०२३ साली ७ आणि ६ एप्रिल. २०१९ साली तर दोन्ही एकाच दिवशी आले, १९ एप्रिलला. २०२१ आणि २०२४ साली मात्र ही जोडी फुटली आणि गुड फ्रायडे होळीच्या पाठोपाठ आला.

यात योगायोग काही नाही. हनुमान जयंती चैत्र पौर्णिमेची, होळी फाल्गुन पौर्णिमेची, आणि गुड फ्रायडेही एका पौर्णिमेलाच बांधलेला आहे. त्याचा नियम एका ओळीत मावतो: २१ मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर, आणि ईस्टरच्या आधीचा शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडे. ही एक ओळ बसवायला मात्र चर्चला कित्येक शतकं लागली. त्या खटाटोपात बिशप एकमेकांवर रुसले, राजवाड्यात तंटे झाले, कॅलेंडरातले दहा दिवस गळाले, आणि रोजच्या वर्तमानपत्रावर छापलं जाणारं साल जन्माला आलं.

वल्हांडणाची पौर्णिमा

येशू ख्रिस्ताला क्रुसावर खिळलं ते यरुशलेममध्ये, वल्हांडण सणाच्या दिवसांत. मिसरच्या गुलामगिरीतून सुटका झाल्याची आठवण म्हणून यहुदी लोक हा सण पाळतात. कोकणातले बेने इस्राएलही बेखमीर भाकरी खाऊन तो पाळत आले आहेत. यहुदी महिना अमावस्येनंतरच्या चंद्रकोरीपासून मोजला जातो आणि वल्हांडणाचा दिवस निसान महिन्यातला चौदावा. कोरीपासून चौदावा दिवस म्हणजे पौर्णिमाच. शुभवर्तमानांत सांगितलेली गेथशेमाने बागेतली ती अटकेची रात्र चांदण्याच्या दिवसांतली होती.

आता अडचण इथून सुरू होते. चंद्राच्या बारा महिन्यांचे दिवस भरतात ३५४. सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांहून थोडं मोठं. दर वर्षी अकरा दिवसांचा फरक पडतो. मराठी वाचकाला हा हिशेब नवा नाही. अधिक महिना येतो तो हाच फरक भरून काढायला. यहुदी पंचांगातही १९ वर्षांत सात अधिक महिने धरतात, त्यामुळे वल्हांडण वसंतातच राहतो. इस्लामी पंचांगात अधिक महिना नाही, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो.

ख्रिस्ती सणाला चंद्र आणि सूर्य यांच्या जोडीला तिसरी अट होती, वाराची. येशूचं पुनरुत्थान आठवड्याच्या पहिल्या दिवशी, रविवारी झालं अशी श्रद्धा. सात दिवसांचा आठवडा ना चंद्राच्या महिन्यात पूर्ण बसतो, ना सूर्याच्या वर्षात. ऋतू वसंताचा हवा, चंद्र पौर्णिमेचा हवा आणि वार रविवार हवा. तिन्ही एकदम साधायचं तर कुणाला तरी मुरड घालावी लागणार, आणि कुणाला घालायची यावरच पहिलं भांडण झालं.

चौदावा दिवस की रविवार?

आजच्या तुर्कस्तानाचा पश्चिम भाग तेव्हा आशिया प्रांत म्हणून ओळखला जाई. तिथल्या ख्रिस्ती मंडळ्या निसानच्या चौदाव्या दिवशीच सण पाळत, मग वार कुठलाही असो. रोममध्ये मात्र रविवारच. एका गावात उपास चालू आणि दुसऱ्या गावात सण झालेला, अशी स्थिती. पुढे या पूर्वेकडच्या लोकांना ‘चौदाव्याचे’ अशा अर्थाचं लॅटिन नावच पडलं.

स्मिर्ना म्हणजे आजचं इझमीर. तिथले वृद्ध बिशप पॉलिकार्प इ.स. १५५ च्या सुमारास या प्रश्नावर बोलायला समुद्र ओलांडून रोमला गेले. पॉलिकार्प यांनी प्रेषित योहानाला पाहिलं होतं, असं त्यांच्या हाताखाली वाढलेले लोक सांगत. आपण योहानाबरोबर हा सण जसा पाळला तसाच पाळणार, असं त्यांचं म्हणणं. रोमचे बिशप अनिसेतस यांनाही आपल्या आधीच्या वडीलधाऱ्यांची रीत सोडवेना. एकमत झालं नाही. तरीही अनिसेतस यांनी आपल्या चर्चमधली प्रभुभोजनाची उपासना चालवण्याचा मान पॉलिकार्प यांना दिला आणि दोघांनी सलोख्याने निरोप घेतला. चर्चच्या इतिहासात मतभेदांची आणि बहिष्कारांची प्रकरणं रग्गड आहेत. मतभेद कायम ठेवून पाहुण्याला वेदीपाशी उभं करण्याचा हा प्रसंग त्यांत उठून दिसतो.

पुढच्या पिढीला तो समजूतदारपणा टिकवता आला नाही. इ.स. १९० च्या सुमारास रोमचे बिशप व्हिक्टर यांनी आशियातल्या मंडळ्यांना थेट बहिष्काराची धमकी दिली. इफिसचे बिशप पॉलिक्रेटीस यांनी बाणेदार उत्तर पाठवलं: आपल्या घराण्यातले सात जण बिशप होऊन गेले, आपण आठवे, आणि सगळ्यांनी चौदावाच दिवस पाळला. मध्यस्थी केली ती लियोंचे बिशप इरेनियस यांनी. त्यांनी लहानपणी पॉलिकार्प यांची प्रवचनं ऐकली होती, आणि स्वतः मात्र ते रविवार पाळणारे होते. पॉलिकार्प आणि अनिसेतस यांचा जुना प्रसंग त्यांनीच व्हिक्टर यांना पत्रातून आठवून दिला. तो आज माहीत आहे तोही या पत्रामुळेच. युसेबियस या इतिहासकाराने ते आपल्या ग्रंथात उतरवून ठेवलं.

निकेयात काय ठरलं

इ.स. ३२५. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याने निकेया गावी, म्हणजे तुर्कस्तानातल्या आजच्या इझनिकमध्ये, सगळ्या मुलखांतल्या बिशपांना बोलावलं. अशा सभेला सार्वत्रिक परिषद म्हणतात: एका प्रांताची नव्हे, सबंध चर्चची सभा. निकेयाची परिषद ही अशी पहिली. ती गाजली अलेक्झांड्रियाचे धर्मगुरू एरियस यांच्या शिकवणुकीवरच्या वादामुळे. ख्रिस्त हा देवपित्याच्याच तत्त्वाचा की त्याने निर्माण केलेला, हा तो वाद, आणि त्यातूनच निकेयाचा मतांगीकार, म्हणजे श्रद्धेचं जाहीर निवेदन, तयार झाला. पण परिषदेपुढे दुसरा मोठा विषय होता तो ईस्टरचा.

सगळीकडे सांगितलं जातं की पौर्णिमेनंतरच्या रविवारचा नियम निकेयात लिहिला गेला. परिषदेच्या वीस नियमांमध्ये तो कुठेही नाही. जे ठरलं ते पत्रांतून कळतं: सगळ्यांनी एकाच दिवशी सण पाळायचा, आणि त्यासाठी यहुदी शेजाऱ्यांच्या पंचांगावर अवलंबून राहायचं नाही. या निर्णयाबद्दल सम्राटाने जे पत्र धाडलं त्यात यहुद्यांविषयी अतिशय कडवट भाषा आहे. ज्या सणाचं मूळच वल्हांडणात आहे, त्याची तारीख ठरवताना तो पाळणाऱ्यांनाच झिडकारलं गेलं. पुढच्या शतकांत ख्रिस्ती जगात यहुद्यांच्या वाट्याला जे आलं ते ठाऊक असताना हे पत्र वाचून मन खिन्न होतं.

गणिताचं काम व्यवहारात अलेक्झांड्रियाकडे गेलं. इजिप्तमधलं हे शहर खगोलशास्त्राचं माहेरघर. तिथले बिशप दर वर्षी पत्र काढून ईस्टरची तारीख कळवत आणि त्याच पत्रातून चार उपदेशाच्या गोष्टीही सांगत. अथनेशियस यांनी निकेयाची परिषद तरुण सेवक म्हणून पाहिली होती. ३२८ साली ते अलेक्झांड्रियाचे बिशप झाले आणि पुढे पाच वेळा त्यांना हद्दपारी भोगावी लागली. त्यांचं ३६७ सालचं ईस्टरचं पत्र वेगळ्याच कारणाने अजरामर झालं. नव्या करारातली २७ पुस्तकं नेमकी कोणती, याची आजच्याशी तंतोतंत जुळणारी यादी पहिल्यांदा सापडते ती या पत्रात.

आकाशातला चंद्र, तक्त्यातला चंद्र

तारीख आगाऊ का हवी? ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. मधले रविवार उपासाचे धरत नाहीत, म्हणून तो ईस्टरच्या ४६ दिवस आधी, राखेच्या बुधवारी सुरू होतो. ईस्टरचा दिवस धरून पन्नासावा दिवस पेंटेकॉस्टच्या सणाचा. गोव्याचा कार्निव्हलही याच दोरीला बांधलेला, राखेच्या बुधवारच्या आधीचे चार दिवस. २०२६ साली ईस्टर ५ एप्रिलला, म्हणून राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आणि कार्निव्हल १४ ते १७ फेब्रुवारीला. पौर्णिमा डोळ्यांनी पाहून सण ठरवायचा म्हटलं तर उपास सुरू करायची वेळ केव्हाच टळून गेलेली असणार.

म्हणून चर्चने आकाशाकडे पाहणं सोडून तक्ता हाती घेतला. त्यासाठी एक जुना शोध कामी आला. १९ सौर वर्षं आणि चंद्राचे २३५ महिने जवळजवळ बरोबरीचे असतात. फरक जेमतेम दोन तासांचा. अथेन्सच्या मेटॉनच्या नावाने हे चक्र ओळखलं जातं. त्यामुळे आज ज्या तारखेला पौर्णिमा आहे, १९ वर्षांनी पुन्हा त्याच तारखेच्या आसपास ती येते. १९ वर्षांच्या १९ पौर्णिमा एकदा लिहून काढल्या की पुढचं काम सोपं.

तक्त्यातला हा चंद्र रेल्वेच्या वेळापत्रकासारखा आहे. वेळापत्रकात गाडी ९.१४ ची असते, फलाटावर ती मिनिट-दोन मिनिटं इकडेतिकडे होते. पण सगळ्यांनी आपापली कामं वेळापत्रकावरूनच आखायची असतात. वसंतसंपात, म्हणजे दिवस आणि रात्र समान होण्याचा दिवस, आकाशात कधी २० मार्चला असतो. चर्च तो कायमचा २१ मार्च धरतं. २०१९ साली या फरकाची गंमत दिसली. संपात २० मार्चला झाला, खरी पौर्णिमा २१ मार्चला भरली आणि महाराष्ट्रात त्या दिवशी धुळवड होती. आकाश पाहून ठरवलं असतं तर ईस्टर २४ मार्चला आला असता. तक्त्यातली पौर्णिमा मात्र १८ एप्रिलची होती, म्हणून ईस्टर २१ एप्रिलला झाला.

चौकट : घरच्या घरी ईस्टर काढून पाहा

साल घ्या २०२६. त्याला १९ ने भागा. बाकी उरते १२. तिच्यात १ मिळवा. आलेला १३ हा त्या वर्षाचा सुवर्णांक, म्हणजे १९ वर्षांच्या चक्रातलं त्याचं स्थान. आजच्या तक्त्यात सुवर्णांक १३ पुढे पौर्णिमा आहे २ एप्रिल. २०२६ साली त्या दिवशी गुरुवार, म्हणून ईस्टर पुढच्या रविवारी, ५ एप्रिलला. १९ वर्षं मागे, २००७ साली सुवर्णांक हाच होता. तेव्हा २ एप्रिलला सोमवार आला आणि ईस्टर ८ एप्रिलला झाला. १९ वर्षं पुढे, २०४५ साली २ एप्रिललाच रविवार आहे. पौर्णिमाच रविवारी आली तर आठवडाभर थांबायचं, हा नियम असल्याने तेव्हा ईस्टर ९ एप्रिलला. सगळ्यात लवकरचा ईस्टर २२ मार्चचा (१८१८ साली आला होता), सगळ्यात उशिराचा २५ एप्रिलचा (१९४३ साली आला, पुन्हा येईल २०३८ साली).

एका तक्त्यातून निघालेलं साल

अलेक्झांड्रियाचा तक्ता चांगला होता, पण रोमला तो पटायला वेळ लागला. रोमकडे स्वतःचं ८४ वर्षांचं चक्र होतं आणि ईस्टर एप्रिलमध्ये फार पुढे गेलेला रोमला चालत नसे. त्यामुळे कधी कधी दोन्हीकडच्या तारखांत आठवड्यांचं अंतर पडे. मिलानचे बिशप अँब्रोज यांनी मात्र ३८७ साली अलेक्झांड्रियाचा हिशेब धरला. त्यामुळे ऑगस्टीन यांना त्यांनी ज्या ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा दिला ती २४ आणि २५ एप्रिलच्या मधली रात्र होती.

रोमला अखेर अलेक्झांड्रियाच्या वाटेवर नेणारा माणूस बाहेरून आला. डायोनिशियस एक्झिग्युअस हे काळ्या समुद्राच्या काठच्या सिथिया प्रांतातले संन्यासी, रोममध्ये ग्रीक ग्रंथांची लॅटिन भाषांतरं करत. ५२५ साली त्यांनी पुढच्या ९५ वर्षांचा ईस्टरचा तक्ता तयार केला. जुन्या तक्त्यात वर्षं मोजली होती ती सम्राट डायोक्लेशियनच्या राज्यारोहणापासून. याच सम्राटाच्या हुकमाने ३०३ पासून ख्रिस्ती लोकांचा छळ झाला, चर्च पाडली गेली, धर्मग्रंथ जाळले गेले. अशा माणसाचं स्मरण पुनरुत्थानाच्या तक्त्यात कशाला, असं डायोनिशियस यांना वाटलं. त्यांनी डायोक्लेशियनच्या २४७ व्या वर्षानंतर २४८ लिहायचं सोडून ५३२ लिहिलं, ख्रिस्ताच्या देहधारणेपासून मोजलेलं वर्ष.

इसवी सनाचा उगम हा असा, एका सणाच्या तक्त्याच्या रकान्यात. त्यांच्या हिशेबात चूक राहिली. येशूचा जन्म हेरोद राजाच्या हयातीतला, आणि हेरोद वारला तो इसवी सनापूर्वी ४ मध्ये, असं बहुतेक इतिहासकार मानतात. म्हणजे ख्रिस्ताचा जन्म इसवी सन सुरू होण्याच्या काही वर्षं आधीच झालेला असणार. या गणनेत शून्य सालही नाही. इसवी सनापूर्वी १ नंतर थेट इ.स. १ येतं, म्हणूनच एकविसावं शतक काटेकोरपणे १ जानेवारी २००१ ला सुरू झालं.

राजाचा सण, राणीचा उपास

तक्ता कागदावर असला तरी त्याची झळ जेवणाच्या पानापर्यंत पोचत होती. सातव्या शतकात उत्तर इंग्लंडमध्ये नॉर्दम्ब्रियाचा राजा होता ओस्विउ. आयोना बेटावरच्या आयरिश संन्याशांकडून आलेली रीत त्याच्या दरबारी चाले. त्यांचा हिशेब अजूनही ८४ वर्षांच्या चक्रावरचा, आणि चौदाव्या दिवशी रविवार आला तर ते त्याच दिवशी सण करीत. राणी एनफ्लेड केंटमधून आलेली, रोमच्या रीतीत वाढलेली. कधी कधी राजा उपास सोडून ईस्टर साजरा करी, आणि राणी व तिची माणसं त्याच दिवशी ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार पाळत उपाशी असत.

६६४ साली ओस्विउने व्हिटबीच्या मठात धर्मसभा बोलावली. तिला सिनड म्हणतात, एका मुलखापुरती चर्चची सभा. मठाची प्रमुख होती एक स्त्री, हिल्डा. तिच्या देखरेखीखाली स्त्रिया आणि पुरुष दोघांचेही मठ होते. आयरिश बाजूने बिशप कोल्मन बोलले, रोमच्या बाजूने तरुण धर्मगुरू विल्फ्रिड. कोल्मन यांनी प्रेषित योहानाचा आणि आयोनाचे संस्थापक कोलंबा यांचा दाखला दिला. विल्फ्रिड यांनी रोमचं चर्च ज्याचा वारसा सांगतं त्या प्रेषित पेत्राचा दिला, ज्याच्या हाती ख्रिस्ताने स्वर्गाच्या किल्ल्या सोपवल्या. हे खरं ना, असं राजाने कोल्मन यांना विचारलं. त्यांनी होकार दिला. मग स्वर्गाच्या दारावर उभ्या असलेल्याशी वैर नको, असं म्हणत राजाने रोमच्या बाजूने कौल दिला. कोल्मन आपल्या माणसांसह आधी आयोनाला आणि मग आयर्लंडला निघून गेले. आयोनाने नवी तारीख स्वीकारली ती ७१६ साली.

हा सगळा वृत्तांत लिहून ठेवला तो जॅरोच्या मठातले संन्यासी बीड यांनी. ७३१ साली पुऱ्या झालेल्या त्यांच्या इंग्रज चर्चच्या इतिहासात घटना इसवी सनाने मांडल्या आहेत. डायोनिशियस यांची कालगणना युरोपभर रुजली ती मुख्यतः बीड यांच्या लेखणीमुळे. त्याआधी, ७२५ साली त्यांनी कालगणनेवर एक ग्रंथ लिहिला. ईस्टर काढण्याच्या या विद्येला तेव्हा कम्प्युटस म्हणत आणि मठात शिकणाऱ्याला ती यावीच लागे. बीड ती हातावर शिकवतात. अंगठ्याची दोन पेरं आणि चार बोटांची बारा, मिळून एका हातावर चौदा पेरं. त्यांत पाच नखं मिळवली की होतात १९. चंद्राचं चक्र एका हातावर मावलं. दोन्ही हातांची मिळून पेरं २८, आणि तारीख व वार यांची जोडी त्या वेळच्या कॅलेंडरात बरोबर २८ वर्षांनी फिरून येई. बोटांच्या पेरांवर जप मोजणाऱ्या कुणालाही ही युक्ती लगेच आपली वाटेल. १९ गुणिले २८ म्हणजे ५३२. तेवढ्या वर्षांनी ईस्टरच्या तारखा जशाच्या तशा पुन्हा येणार, असा बीड यांचा हिशेब होता.

मनोऱ्यातली रेघ

हिशेबात दोन बारीक चुका होत्या. ज्युलियस सीझरच्या कॅलेंडरातलं वर्ष ३६५ दिवस ६ तासांचं, खरं वर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान. अकरा मिनिटं म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण १२८ वर्षांत त्यांचा अख्खा दिवस होतो. दुसरी चूक चंद्राची. त्या कॅलेंडराची १९ वर्षं आणि २३५ चांद्रमास यांत सुमारे दीड तासाचा फरक, ३१० वर्षांत एक दिवस. सोळाव्या शतकापर्यंत खरा वसंतसंपात ११ मार्चपर्यंत मागे सरकला होता आणि तक्त्यातली पौर्णिमा आकाशातल्या पौर्णिमेच्या तीन-चार दिवस मागे पडली होती.

हे कुणाला कळलंच नव्हतं असं नाही. इंग्रज फ्रान्सिस्कन संन्यासी रॉजर बेकन यांनी १२६७ सालीच पोप क्लेमेंट चौथे यांना याबद्दल कळवळून लिहिलं होतं. १५१४ च्या सुमारास लॅटरन परिषदेच्या वेळी कोपर्निकसचाही सल्ला मागितला गेला; वर्षाची नेमकी लांबीच अजून पक्की नाही, तर दुरुस्ती कशाची करायची, असं त्याचं मत पडलं.

तोडगा सापडला तो कॅलाब्रियातल्या एका डॉक्टरला, लुइजी लिलिओ याला. शतकाअखेरच्या वर्षांपैकी ज्यांना ४०० ने पूर्ण भाग जातो तेवढीच लीप वर्षं धरायची, ही दुरुस्ती त्याच्या योजनेतली. म्हणून २००० लीप वर्ष होतं आणि १९०० नव्हतं. चंद्रासाठी त्याने १ जानेवारीला चंद्र किती दिवसांचा आहे या आकड्यावर तक्ता बेतला आणि २५०० वर्षांत त्यात आठ वेळा एकेक दिवसाची दुरुस्ती ठेवली. लिलिओ १५७६ साली वारला. त्याची योजना त्याच्या भावाने रोममध्ये सादर केली. पोप ग्रेगरी तेरावे यांनी नेमलेल्या समितीत जर्मन जेझुइट गणिती क्रिस्टोफर क्लावियस होते आणि इग्नात्सिओ दांती हे खगोलविदही. व्हॅटिकनमधल्या ‘वाऱ्यांच्या मनोऱ्या’त दांती यांनी जमिनीवर उत्तर-दक्षिण रेघ आखली होती. भिंतीतल्या छिद्रातून उन्हाचा कवडसा दुपारी त्या रेघेवर पडे, आणि संपाताच्या तारखेला तो पडायला हवा तिथे पडत नसे. पोपना हे प्रत्यक्ष दाखवलं गेलं असं सांगतात.

२४ फेब्रुवारी १५८२ ला पोपचं फर्मान निघालं. पोपच्या अशा शिक्क्याच्या फर्मानाला बुल म्हणतात. त्यानुसार इटली, स्पेन, पोर्तुगाल आणि पोलंडमध्ये ४ ऑक्टोबर १५८२ च्या गुरुवारनंतर थेट १५ ऑक्टोबरचा शुक्रवार उजाडला. स्पेनमध्ये संत तेरेसा ऑफ आविला त्याच रात्री वारल्या, आणि त्यांचा सण आजही १५ ऑक्टोबरला असतो. क्लावियस यांनी पुढची तीस वर्षं या सुधारणेवरच्या आक्षेपांना उत्तरं देण्यात घालवली. चंद्रावरच्या एका प्रचंड विवराला त्यांचं नाव दिलेलं आहे.

खाडीच्या अल्याड-पल्याड

या सुधारणेचे धागे भारताच्या पश्चिम किनाऱ्यालाही येऊन भिडतात. क्लावियस यांचे विद्यार्थी मत्तेओ रिच्ची चीनला जाताना १५७८ साली गोव्यात उतरले. पुढच्याच वर्षी आले फादर थॉमस स्टीफन्स, ज्यांचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापून निघालं. मायदेश इंग्लंड जुन्याच तारखा मोजत राहिला आणि स्टीफन्स ज्या पोर्तुगीज मुलखात राबत होते तिथे नव्या तारखा आल्या.

कारण प्रॉटेस्टंट देशांनी पोपचं कॅलेंडर नाकारलं होतं. इंग्लंडने ते स्वीकारलं थेट १७५२ साली. मधल्या काळात, १६६५ मध्ये, मुंबई पोर्तुगिजांकडून इंग्रजांकडे गेली आणि वसई १७३९ पर्यंत पोर्तुगिजांकडे राहिली. म्हणजे सत्तरहून अधिक वर्षं मुंबईतल्या इंग्रजांच्या कागदावर एक तारीख आणि खाडीपलीकडे वसईच्या पोर्तुगीज कागदावर दुसरी. आधी दहा दिवसांचा फरक, १७०० नंतर अकरा दिवसांचा.

मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांना हे भान सतत ठेवावं लागतं. शिवाजी महाराजांच्या जन्माची १९ फेब्रुवारी १६३० आणि राज्याभिषेकाची ६ जून १६७४ या दोन्ही तारखा जुन्या, ज्युलियन कॅलेंडरातल्या आहेत. राज्याभिषेकाला रायगडावर हजर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडन त्याच कॅलेंडरात तारखा घालत होता. फाल्गुन वद्य तृतीया आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी या तिथी ग्रेगोरियन हिशेबाने पडतात १ मार्च १६३० आणि १६ जून १६७४ ला.

एक सण, दोन तारखा

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चनी ग्रेगरींची सुधारणा ईस्टरपुरती आजही घेतलेली नाही. फिनलंडसारखा एखादाच अपवाद. त्यांचा २१ मार्च ज्युलियन कॅलेंडरातला, म्हणजे सध्याच्या मोजणीने ३ एप्रिल, आणि त्यांच्या तक्त्यातली पौर्णिमाही आकाशातल्या पौर्णिमेच्या चार-पाच दिवस मागून येते. त्यामुळे त्यांचा ईस्टर कधी पाश्चात्त्य ईस्टरबरोबरच येतो, कधी आठवड्याने आणि कधी महिन्याहून अधिक उशिरा. २०२४ साली पश्चिमेचा ईस्टर ३१ मार्चला झाला आणि ऑर्थोडॉक्स ५ मेला.

तारीख एक करण्याचे प्रयत्न थांबलेले नाहीत. ब्रिटिश संसदेने १९२८ साली एप्रिलमधला ठरावीक रविवार नेमणारा कायदाच केला, पण तो कधी अमलात आला नाही. ईस्टरसाठी ठरावीक रविवार नेमायला आपली हरकत नाही, इतर चर्चचीही संमती असावी, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली जाहीर केलं. १९९७ साली सीरियातल्या अलेप्पो शहरात वेगवेगळ्या चर्चचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी सुचवलं की तक्ते बाजूला ठेवावेत. संपात आणि पौर्णिमा यरुशलेमच्या रेखांशावर खगोलशास्त्राने काढाव्यात आणि मग रविवार धरावा. पूर्व आणि पश्चिम या दोघांनाही मान खाली न घालता स्वीकारता यावी अशी ही सूचना आहे. ती अजून अमलात आलेली नाही.

निकेयाच्या परिषदेला १७०० वर्षं झाली त्या २०२५ साली दोन्हीकडचा ईस्टर २० एप्रिलला एकत्र आला. २०२६ मध्ये अंतर एका आठवड्याचं, ५ आणि १२ एप्रिल. २०२७ साली पश्चिमेच्या तक्त्यातली पौर्णिमा २२ मार्चची आहे, म्हणून ईस्टर २८ मार्चला. ऑर्थोडॉक्स हिशेबात ती पौर्णिमा वसंताच्या आधीची ठरते, त्यामुळे त्यांना पुढच्या पौर्णिमेची वाट पाहावी लागते आणि ईस्टर जातो २ मेला. दोन्ही चर्च पुन्हा एका दिवशी ईस्टर पाळतील ती तारीख आहे १६ एप्रिल २०२८.